विहीणबाईंचा परदेशी सोफा

विहीणबाईंना लाज म्हणून नव्हतीच. दुसऱ्याच्या मोटारीची पुढची सीट उचलून आपल्या बैठकीत मांडायची, वर विणलेलं आच्छादन घालायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, "आमच्या जावयानं दिलेला परदेशी सोफा हो, असा इथं मिळत नाही!" ह्याला आक्कांकडे एकच शब्द होता आणि तो चारचौघांत बोलण्यासारखा नव्हता. म्हणून त्या तो फक्त स्वयंपाकघरात बोलत. भिंतीला नव्हे, सुनेला. सून विहीणबाईंचीच लेक, त्यामुळे निरोप पोचण्याची खात्री होती.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं लोक म्हणतात. इथं घोडं आपलंच होतं आणि धाडलंही आपल्याच पोरानं. विहीणबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, कंबर धरली, कुठल्याच खुर्चीवर धड बसवेना. थोरल्याला वाटलं, वडील गेल्यापासून गाडी शेडमध्ये मरून पडलीच आहे, तिची स्प्रिंगांची सीट सासूच्या कंबरेला बरी. आक्का बहिणीकडे गेल्या होत्या तेवढ्यात त्यानं बोल्ट खोलले आणि सीट सासरी पोचवली. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर मिळेल ते त्याला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

गाडी अमेरिकन. लांबलचक, मागं माशासारखे पर, पुढं एकच सलग सीट, तीन माणसं ऐसपैस बसतील अशी. आक्कांच्या मालकांनी हयातभर तिच्यातून उतारू नेले. पुढं त्यांचे डोळे मंद झाले तेव्हा चाक आक्कांनी धरलं आणि मालक शेजारी बसून रस्ता सांगायला लागले, बहुतेक वेळा चुकीचा. उतारू नाकं मुरडत. "बाई चालवणार?" आक्का दार उघडून धरत. "बाईच चालवणार. तुम्हाला पायी चालायचं असेल तर रस्ता कोणी अडवलेला नाही." अर्धे उतरायचे, आणि घटकाभरानं घाम पुसत परत येऊन बसायचे.

आता थोरल्याला शेडचं गोदाम करायचं होतं. तो भंगारवाल्याला घेऊन आला, तर आक्का बॉनेटला पाठ लावून उभ्या.

"हात लावून तर बघ. आधी तुझंच भंगार करते."

भंगारवाला हसला, शेजारी हसले. लोक हसतायत म्हटल्यावर थोरल्याला चेव चढला. "बरं बाई! नवं छत घालायला माणसं यायच्या आत तू स्वतः चालवत ही शेडबाहेर काढ. काढलीस तर भंगाराचं नाव घेणार नाही. नाही जमलं तर गाडी गेली."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" आक्कांनी विचारलं. "मग ठरलं."

थोरल्याला वाटलं, इंजिन मेलेलं, पार्ट मिळत नाहीत, सीट नाही. आई बोलून बोलून दमेल. आयुष्य आईजवळ काढलं, तरी पोराला आई कळली नव्हती.

आक्कांनी मालकांच्या वेळचा मिस्त्री बोलावला. दारातून वाकून यावं लागायचं, म्हणून त्याला सगळे लांब्या म्हणत. लांब्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच म्हणाला, "आक्का, परदेशातून कॅटलॉग मागवायला लागेल."

"कॅटलॉग कशाला? लोकांची घरं आहेत की."

आक्कांची शाळा दुसरीच्या बाकावरच संपली होती, पण माणसं त्यांना वाचता येत. अशा गाड्या एके काळी गावात बऱ्याच होत्या. त्या मोडीत गेल्या तेव्हा लोखंड तेवढं मोडीत गेलं. जे चकाकत होतं ते कोणी ना कोणी घरी नेलं. म्हणून आक्का रोज सकाळी निघत आणि लोकांच्या दारांतून आत बघत. तेल्याच्या घरी पिंपावरचं झाकण म्हणजे चाकाची टोपी निघाली. शिंप्याच्या फाटकाला मोटारीच्या दाराची मूठ होती. न्हाव्यानं गोल आरशाला हेडलाइटची कडी बसवली होती. ती मागितली तर तो काकुळतीला आला.

"आक्का, गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत. कडी असो नसो, आरशात तोंड तेच दिसणार."

वखारीच्या मागं त्याच कंपनीचा एक जुना ट्रक गवतात रुतला होता. त्याचा पाण्याचा पंप आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी गाडीला चपखल बसली. कार्ब्युरेटर लांब्यानं घरी नेऊन इतका धुतला की त्याची बायको म्हणाली, एवढी माझी भांडी कधी घासली असतीत तर! आणि एका सकाळी इंजिन खोकलं, शिंकलं, सायलेन्सरमधून उंदराचं अख्खं घरटं बाहेर फेकलं आणि चालू झालं. आळी जमली. थोरला लांब उभा राहून नखं बघत होता.

राहिली सीट.

"विहीणबाईंकडची आणू या की," लांब्या म्हणाला.

"त्यांच्या दारात जाऊन मागू? मी?" आक्का म्हणाल्या. "माझीच वस्तू मी मागून आणायची आणि तिच्यावर बसून ऐट करायची? गादीवाल्याला बोलाव. नवी करू."

गादीवाल्यानं काम सुबक केलं, त्यात खोट नाही. काथ्या भरला, रेक्झीन ताणून शिवलं, कडेला दुहेरी टीप मारली. चूक झाली ती मापात. माप घेताना चाकामागं कोणीतरी बसायला हवं होतं. समोर लांब्या होता, म्हणून लांब्यालाच बसवलं. सीट उंच झाली, मागं झाली आणि मागंपुढं सरकायला खाली रूळ ठेवायचे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

छताची माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती. आक्का आळीदेखत गाडीत चढल्या. चाक छातीशी यायचं ते हातभर लांब राहिलं, आणि पाय? पाय हवेत. क्लचला पोचायचं तर त्या सीटवरून घसरून चाकाखाली जायच्या, मग समोरचा रस्ता दिसायचा नाही. पाळण्यात बसवलेल्या पोरीसारखे त्यांचे दोन्ही पाय लोंबकळत होते. कोणीतरी फिसकन हसलं.

"पेडलांना लाकडी ठोकळे बांधू?" लांब्या कुजबुजला.

"बांध. आणि माझ्या गळ्यात लाळेरंही बांध."

थोरला पुढं आला. आवाज मऊ होता, आणि तोच आक्कांना जास्त लागला. "राहू दे आई. पुष्कळ केलंस. भंगारवाल्याला दुपारी बोलावलंय, उद्या शेड मोकळी हवी. शब्द तो शब्द."

आक्का उतरल्या. शाल झटकली. "शब्द तो शब्द. दुपार अजून व्हायची आहे. लांब्या, पान्हे घे. गादीवाले, तुमची हातगाडी घ्या, तुम्ही घातलेला घोळ आहे. थोरल्या, तूही चल."

"कुठं?"

"तुझ्या सासरी."

"मागायला?"

"मागायला नाही. आणायला."

सूनही निघाली. एकीला 'अगं आई' आणि एकीला 'अहो आई' म्हणण्यात तिचा जन्म चालला होता. दोघी समोरासमोर येणार असताना घरी बसून राहणं तिला परवडणारं नव्हतं.

विहीणबाई सीटवर पाय लांब करून बसल्या होत्या. सीट विटांवर ठेवलेली, खाली तिचे जुने रूळ तसेच. पान्हे घेतलेला लांब्या दारातून वाकून आत आला तेव्हा त्यांनी ओळखलं आणि दोन्ही हातांनी कडा धरल्या.

"या विहीणबाई. बसा ना, खुर्ची घ्या," त्या आक्कांना म्हणाल्या.

"खुर्ची नको. आमची सीट न्यायला आलोय."

"सीट कसली? हा सोफा आहे. जावयानं दिलाय. मागायचा तर जावयाला मागा."

आक्कांनी थोरल्याकडे बघितलं. "दिलास?"

"हो."

"कोणाचा?"

थोरला छताकडे बघायला लागला. हल्ली त्याला छतांचं फार पडलं होतं.

"अगं आई," सून म्हणाली, "त्यांची नवी सीट घे ना, रेक्झीन नवं कोरं आहे."

"तू गप्प. माझी कंबर हिच्यावरच टेकते. काथ्यावर नाही टेकत." विहीणबाईंचे डोळे खरोखरच भरून आले होते. "वर्षभर मी ह्या खोलीबाहेर गेले नाही, आणि आता बसायची जागाही काढून घेता? मी उठायची नाही. काय करायचं ते करा."

"कंबर तुमची, कबूल," आक्का म्हणाल्या. "पण सीट माझी. ह्याच सीटवरून मी ह्या पोराचं शिक्षण ओढलं. ती भंगारात गेलेल्या गाडीची आठवण म्हणून तुमच्या आच्छादनाखाली राहायची नाही. तुम्हाला उठायचं नाही ना? नका उठू. लांब्या, धर त्या टोकाला. थोरल्या, सासू पाडलीस तर बघ."

"आई, अगं..."

"धर!"

सीट उचलली गेली. विहीणबाई किंचाळल्या, पण कडा काही सोडल्या नाहीत. दारातून सीट तिरकी निघाली तेव्हा त्या चौकटीला आणि जावयाला एकाच दमात शिव्या देत होत्या. हातगाडीवर बसल्या त्या तशाच. गादीवाला पुढून ओढत होता, लांब्या आणि थोरला मागून ढकलत होते. गल्लीत खिडक्या उघडल्या. "विहीणबाई, कुठं निघालात?" कोणीतरी वरून विचारलं. विहीणबाईंनी क्षणभर विचार केला, शाल सारखी केली आणि मान ताठ करून म्हणाल्या, "जरा बाहेर!" आक्कांनी ते ऐकलं.

शेडसमोर भंगारवाला गाडी उचलायचा आकडा लावलेला ट्रक घेऊन हजर होता. लांब्यानं नवी सीट बाहेर काढली आणि हातगाडीपाशी येऊन उभा राहिला.

"दोन मिनिटं उभ्या राहा," आक्का विहीणबाईंना म्हणाल्या. "आधी सीट आत जाईल, मागोमाग तुम्ही."

"आणि मला इथंच सोडून गेलात तर?"

"तुमची लेक तुमच्यापाशी ओलीस ठेवते."

"दरवेळी मीच का?" सून म्हणाली आणि आईचा हात धरून उभी राहिली.

बोल्ट जुन्या भोकांत जाऊन बसले, जसे काही कालच काढले होते. आक्का चढल्या, पलीकडून सुनेनं आईला शेजारी बसवलं. आक्कांनी सीटखाली हात घालून कळ ओढली आणि अंगानं पुढं रेटलं. खट्, खट्, खट्. चाक छातीशी आलं. दोन्ही पाय पेडलांवर टेकले, पूर्ण, टाचेसकट.

शेजारून विहीणबाई ओरडल्या. सीट सलग, त्यामुळं त्याही सीटबरोबर पुढं सरकल्या होत्या. "अहो, माझे गुडघे!"

"दुमडा."

इंजिन चालू झालं. थोरला शेडच्या तोंडाशी आडवा आला. "आई, ब्रेक बघितलेले नाहीत, आधी लांब्याला चालवू दे!"

आक्कांनी हॉर्न दाबला. इतक्या वर्षांनी तो जरा घोगरा निघाला, पण थोरला बाजूला झाला. पुढं ट्रक उभा होता. आक्कांनी गाडी इंच-इंच पुढं घेतली. भंगारवाल्यानं थोरल्याकडे बघितलं, थोरल्यानं जमिनीकडे. आक्कांचा हात हॉर्नवरून उठेना. शेवटी भंगारवाल्यानं ट्रक मागं घेतला, पार कोपऱ्यापर्यंत, आणि गाडी उन्हात आली. ब्रेक आक्कांनी तिथंच दाबून बघितले. लागले.

मग त्या रस्त्याला लागल्या. विहीणबाई काचेतून दुकानं बघत होत्या. कुठलं नवं झालं, कुठलं बंद पडलं, हे सगळं त्या मोठ्यानं बोलत होत्या. वळणावर त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि त्या आक्कांकडे वळल्या.

"गंमत झाली ती झाली. पण संध्याकाळी माझा सोफा माझ्या घरी पोचला पाहिजे, सांगून ठेवते."

आक्कांनी गाडी भर रस्त्यात थांबवली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, वाजवू दिले. गिअर सोडवला, चाकावरचा हात न काढता तोंड वळवलं.

"विहीणबाई, तुम्ही आयत्या बिळावरच्या नागोबा आहात. माझ्या पोरानं मला न विचारता दिलं, तुम्ही मला न विचारता घेतलंत, वर गावभर सोफा म्हणून मिरवलंत. सीट परत मिळायची नाही, आज नाही, मी मेल्यावरही नाही. पण धरलेली जागा न सोडणारी बाई मी माझ्याशिवाय दुसरी पाहिली नव्हती, म्हणून सांगते. कंबर दुखेल त्या दिवशी निरोप धाडा, दाराशी गाडी येईल. हवं तितकं बसा. फक्त ह्यापुढं बसायचं ते मी नेईन तिकडं तोंड करून."