चाळीसच्या आत

या, असे जवळ सरकून बसा. मोठ्यानं सांगण्याची ही गोष्ट नाही. एका जुन्या गाडीची आहे, आणि ती चालवणाऱ्या एका माणसाची.

बादलनं फियाटखालून हात बाहेर काढला आणि फाटलेली चकती विमलताईंच्या पायाशी ठेवली. लहान भाकरीएवढी, काळी, एका बाजूनं कडेपर्यंत उललेली. गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा या चकतीनं जोडलेला असतो. ती गेली की इंजिन नुसतं गुरगुरतं, गाडी जागची हलत नाही.

"मिळेल का दुसरी?" विमलताईंनी विचारलं.

"कायची मिळते, ताई. हे बननंच बंद झालं. नागपूरले फोन केला, अकोल्याले केला. भंगारवाले तर हासून राह्यले मले."

विमलताईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती, ती जरा सैल सोडली.

"मग राहू दे. कळंबला कळवून टाकते, गाडी नाही म्हणून."

"गाडी नाई म्हनून कीर्तन नाई?" बादल खालूनच म्हणाला. "एसटी हाय ना. तासाभरात कळंब."

"पेटी, तबला, एवढं सामान घेऊन एसटीत कुठे चढू?"

बादलनं खालूनच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. कंडक्टरशी भांडून बैलसुद्धा एसटीत चढवतील, अशी या बाईंची ख्याती होती.

खरं कारण विमलताईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नीळकंठराव मार्गशीर्षात गेले. पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून आयुष्यभर त्यांनी बायकोला गावोगावच्या कीर्तनांना नेलं होतं. गाडी तेच चालवत आणि पेटीही तेच वाजवत. त्यांच्यामागे पहिलं कीर्तन राळेगावला झालं. साथीला अनिमेष नावाचा तरुण होता, स्वतःची पेटी घेऊन आलेला. "सूर कुठला, ताई?" त्यानं विचारलं. "काळी चार," त्या सवयीनं म्हणाल्या, "कायमचाच." नमन झालं, अभंग सुरू झाला, आणि अंतऱ्याला आवाज वर चढेना. दुसऱ्यांदा चढवायला गेल्या, तर फाटला. पुढचं आख्यान त्यांनी गद्यात सांगून उरकलं. लोक भले, कुणी काही बोललं नाही. बुक्का लावताना एका म्हातारीनं नुसता पाठीवरून हात फिरवला. तोच हात त्यांना सहन झाला नाही.

परतताना अनिमेष गाडी चालवत होता. "जरा लवकर घ्या," त्या म्हणाल्या. त्यानं ऐंशीवर नेली. यवतमाळ दिसू लागलं आणि खालून खडखडाट झाला.

त्यांच्यामागे आवाजही गेला, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी लावला होता. कीर्तनाला उभ्या राहिल्यापासून कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दारची सेवा कधी चुकली नव्हती. पण आवाज गेला, हे कळंबकरांना कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा गाडी बिघडली, हे सांगणं सोपं होतं. आणि एकदा चुकलेली सेवा पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही.

बादल बाहेर आला, चकती उचलून त्यानं उजेडात धरली. अंगठ्यानं तिच्या कडेची माती पुसली आणि थांबला.

"ताई, हे तर कंपनीचं नाईच."

"म्हणजे?"

"रबर ओतीव नाई हे. थर हायेत. सूत दिसते का, आतमंधी? कापसाच्या जिनिंगमधल्या पट्ट्याचं कापलं हे कोनीतरी." मग त्यानं कडुलिंबाखालच्या खाटेकडे तोंड करून हाक दिली. "बापू, हे पाय बरं. तुयं काम दिसते."

बादलचा बाप प्रेमसिंग खाटेवरून उठला नाही. चकती मात्र हातात घेऊन त्यानं नातवाला न्याहाळावं तशी न्याहाळली.

"मायंच हाय," तो म्हणाला. "लय टिकली बापा."

"कधी केलीत ही?" विमलताई जवळ गेल्या.

"लय वर्सं झाले, बाई. तवाच मिळत नोयती. साहेब म्हनले, प्रेमसिंग, काईतरी कर, बाईचे कीर्तन हायेत पुढं. मी जिनिंगमंधून पट्टा आनला, कापून, भोकं पाडून बसवला. सांगतलं मातर, साहेब, हे जुगाड हाय. चाळीसच्या आत चालवान तर चालन. वर न्याल तर रस्त्यात बसवन तुमाले."

"मला कधी बोलले नाहीत."

"नाईच बोलनार. मले म्हनले, बाईले सांगू नको. तिच्या जिवाले घोर लागते, मंग गान्यात चित्त राहत नाई."

विमलताईंनी पदर सावरला. मग उगाच पुन्हा सावरला.

किती बोलल्या होत्या त्या. मागून ट्रक हॉर्न देत, सायकलवाला बरोबरीनं चाले, आणि नीळकंठराव आपले रस्त्याच्या कडेनं. "बैलगाडी घेतली असती तर पेट्रोल तरी वाचलं असतं," असं त्या लोकांसमोर म्हणत. एकदा तर कीर्तनातच त्यांचा दृष्टान्त दिला, आळशी सारथ्याचा. सगळा मंडप हसला. पेटीवरचा माणूसही हसला होता, भात्यावरचा हात न थांबवता.

"मंग नवीन कापतो मी," बादल म्हणाला. "पट्टा पडेल हाय मागं. संध्याकाळपावतर होते. कायले कळवता कळंबले?"

विमलताई वळल्या. त्या गाडीमागे गेल्या आणि डिकी उघडली. नीळकंठरावांची पेटी तिथेच होती, निळ्या खोळीत. त्यांच्यामागे ती कुणी काढलीच नव्हती. त्यांनी ती उचलून खाटेच्या कडेला ठेवली. प्रेमसिंगनं पाय आवरून जागा केली.

भाता उघडला. काळी चारवर बोट ठेवलं आणि तोच अभंग हळूच धरला, राळेगावला मोडलेला. अंतरा आला. त्यांनी डोळे मिटले. फाटलाच, तर इथे दोनच माणसं होती. आवाज वर गेला, वरच्या सुरावर टेकला आणि तिथे नीट उभा राहिला.

पट्ट्यावर खडूनं गोल आखणारा बादलचा हात थांबला.

"आवाज तर झकास हाय, ताई. मले वाटलं, गळाच बसला का काय."

विमलताईंनी पुन्हा काळी चार दाबली. पुन्हा ऐकली. मग पेटी स्वतःकडे वळवली. उजव्या बाजूला पट्टी सरकवायचा खटका होता. तो सरकवला, की बोटं त्याच जागी राहतात आणि सूर मात्र वर किंवा खाली जातो. खटका मधल्या खाचेत नव्हता. दोन घरं खाली होता. खाचेत धूळ बसून घट्ट झाली होती. एका दिवसात बसणारी ती धूळ नव्हती.

पुढे उभं राहून गाणाऱ्या माणसाला मागची पेटी दिसत नाही.

किती तरी वेळ त्या खटक्याकडे बघत राहिल्या. प्रेमसिंगनं विचारलं, "काय झालं, बाई? तेबी बिघडलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "हेही जुगाडच आहे. छान चाललंय."

त्यांनी खोळीच्या टोकानं पेटी पुसली. सगळीकडून पुसली, खाच तेवढी सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनिमेष गाडी न्यायला आला. त्यानं आपली पेटी आणली होती. विमलताईंनी ती त्याला घरीच ठेवायला लावली.

"हीच वाजवा. काळी चारच. आणि हा खटका आहे ना, त्याला हात लावू नका."

"बरं, ताई."

"आणि चाळीसच्या आत चालवा."

"मग उशीर होईल ना, ताई."

"होऊ द्या. चिंतामणी कुठे पळून चाललाय?"

कळंबच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कपाशी फुटली होती. मागून एक ट्रक येऊन हॉर्न देत राहिला, मग एक जीप. अनिमेष कानकोंडा झाला. विमलताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, जा बाबा पुढे अशी खूण केली आणि गुणगुणायला लागल्या.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. तुमच्या वाटेत कधी रस्त्याच्या कडेनं हळूहळू जाणारी जुनी गाडी आली, तर हॉर्न देऊ नका. घडीभर तिच्या मागे राहा, आणि आमच्या नीळकंठरावांना आठवा.