गोजराआत्यानं कावळा अडवला

बोरी बुद्रुकच्या घाटावर नूतनचा दहावा होता, आणि मांडव असा घातला होता की परक्या माणसाला वाटावं, इथं कुणाचा तरी साखरपुडा आहे. सतरंज्या, पुढाऱ्यांना गादीच्या खुर्च्या, झाडाला बांधलेले दोन कर्णे आणि माइकपुढं धर्माजी गुरुजी. हे गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून लग्न, जत्रा आणि दशक्रिया एकाच आवाजात उरकायचे. "दूध संघाचे माजी संचालक आपल्या दुःखात सहभागी झालेत, त्यांनी पुढं येऊन स्थानापन्न व्हावं!" बायकांच्या घोळक्यात बसलेली गोजराआत्या मनात म्हणाली, व्हा बाबांनो, स्थानापन्न व्हा. पोर गेली आमची, आन बूड टेकायला गादी पायजे तुमाला.

नूतन तिच्या भावाची, सावळेरामची मुलगी. एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आई लहानपणीच वारली. तरणेपणी विधवा होऊन माहेरी परतलेल्या आत्यानंच तिला न्हाऊमाखू घातलं, लहानाचं मोठं केलं. पोरगीही आत्यावरच गेलेली, तोंडानं फटकळ. नारायणगावच्या जीपवाल्यानं आणखी एक माणूस कोंबलं की ही ओरडायची, "ओ भाऊ, माणसं हायेत, टोमॅटोचे क्रेट न्हाईत!" जीपवाला हसायचा, पण कोंबलेल्याला उतरवायचा. घरी येऊन ती सगळा प्रसंग नकलेसकट सांगायची आणि ऐकता ऐकता आत्याची भाकरी तव्यावर करपायची.

कॉलेजच्या कठड्याचं पण तिनंच सांगितलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा लोखंडी कठडा खालून गंजून सुटलेला, नुसता तारेनं बांधून ठेवलेला. पोरी मिळून संस्थेचे अध्यक्ष सयाजीराव यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या, आणि बोलायला अर्थातच नूतन. सयाजीराव म्हणाले, "पोरींनी कठड्याला टेकायचं कशाला? इथं शिकायला येता का टेकायला?" नूतननं त्यांचीही नक्कल केली होती, पोट पुढं काढून. आत्या हसून हसून बेजार झाली होती.

मग त्या साली, म्हणजे २००१ च्या जानेवारीत, कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. दुरुस्ती काय केली? तारेवरनंच चंदेरी रंग फासला! पाहुणे आत येताना त्यांच्यावर झेंडूच्या पाकळ्या पडाव्यात, म्हणून सयाजीरावांनीच पोरींच्या हातात ताटं देऊन त्यांना त्याच कठड्याशी उभं केलं. वाकल्याशिवाय पाकळ्या उधळता येतात का? नूतन वाकली, आणि कठडा तिला घेऊनच खाली आला. दुसऱ्या दिवशी संस्थेनं पेपरात छापून आणलं, मस्ती करताना तोल जाऊन विद्यार्थिनीचा मृत्यू. मस्ती! गावालाही तेवढंच पुरलं. भेटायला येणारी बाई डोळे पुसता पुसता म्हणायची, "लई अवखळ व्हती बाई पोर."

तो शब्द आत्याच्या काळजात रुतून बसला होता. पोर काही परत यायची नव्हती. पण चूक दुसऱ्याची आणि डाग तिनं घेऊन जायचा, हे आत्याला गिळवत नव्हतं.

प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सयाजीराव उठले. डोळ्यांना रुमाल लावला आणि तो कोरडा ठणठणीत रुमाल पुन्हा घडी करून खिशात ठेवला. "नूतन ही आमच्या संस्थेची लेक होती," म्हणाले. सावळेराम मुंडण केलेलं डोकं खाली घालून ऐकत होता. त्याच्या थोरल्या पोराला संस्थेत शिपायाची जागा देतो, असा निरोप आदल्या दिवशीच घरी आला होता.

पिंड ठेवला. भटजींनी हात केला तशी माणसं मागं सरली, आणि बाभळीवरचे कावळे माना वाकड्या करून बघायला लागले. गोजराआत्या मात्र उठली ती थेट पिंडापाशी जाऊन उभी राहिली.

"आक्का, मागं ये," सावळेराम म्हणाला. "माणूस हुबं आसल्यावं कावळा कसा यायचा?"

"न्हाईच यायचा. आन मी बी हितनं हालायची न्हाई. आदी सयाजीरावांना बोलू दे."

कुजबुज झाली. लोकांना वाटलं, पोरीची काही इच्छा राहिली असेल, तिच्यासाठी शब्द हवा असेल. आता शब्द देण्यात सयाजीरावांचा हात कोण धरणार! त्यांनी माइक घेतला. "नूतनच्या नावानं दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा घेऊ!" आत्या जागची हलली नाही. "तिच्या नावाची कमान उभारू, कॉलेजच्या दारात!"

"कमान नगं," आत्या म्हणाली. "ती पडून आनी कुनाची तरी पोर जायची."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. सयाजीरावांनी घड्याळ बघितलं. त्यांना अजून दोन दशक्रियांना तोंड दाखवायचं होतं आणि सुमोचा ड्रायव्हर गाडी वळवून बसला होता. "मग तुमचं म्हणणं तरी काय, बाई?"

"पोरगी मस्ती करत नव्हती म्हना. कठडा मोडकाय ह्ये तुमाला ठावं व्हतं म्हना. पाकळ्या उधळाय तुमीच तिला थितं हुबी केली म्हना. ह्या माइकात म्हना, मंग मी सरते."

आपण काय करतोय हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. जिला स्वतःच्या हातानं घास भरवला, तिलाच आज पिंडापासून अडवून धरलं होतं. थांब गं माजे आई, जरा कळ काढ, असं ती मनातल्या मनात म्हणत होती.

सावळेराम जवळ येऊन हात जोडायला लागला. "आक्का, पाया पडतो तुज्या. समदा इस्कोट करू नगं."

"कुनाची काळजी लागलीया रं तुला? पोरीची, का शिपायाच्या जागंची?"

तो तसाच मागं फिरला. आत्याला वाटलं, आता सयाजीराव चिडतील, तोंड लपवून गाडीत बसतील. पण सयाजीरावांनी सावकाश सगळ्या मांडवावर नजर फिरवली. कुणाचा पोरगा संस्थेत कारकून, कुणाची सून शिक्षिका, कुणाचा अर्ज अजून टेबलावर. उन्हं चढली होती, आमटीचा वास सुटला होता, आणि निम्मी माणसं पातेल्यांकडं तोंड करून बसली होती. त्यांनी माइक तोंडाशी धरला.

"ठीक आहे. कठडा मोडका होता, मला माहीत होतं. पोरींना मीच तिथं उभं केलं होतं. मस्तीबिस्ती काही नव्हती. झालं समाधान?"

आत्यानं माणसांकडं बघितलं. आता कोणीतरी उठेल, निदान एखादी शिवी तरी येईल. धर्माजी गुरुजींनी झडप घालून माइक घेतला. "मंडळी, याला म्हणतात मोठं मन! चूक पदरात घ्यायला वाघाचं काळीज लागतं!" माना डोलायला लागल्या. "खरंय राव, मोठा माणूस." एकानं तर टाळीसाठी हात उचलले, मग घाटाचं भान येऊन खाली घेतले.

आत्या सरली. बोलल्याप्रमाणं चार पावलं मागं सरली आणि खालीच बसली. तिचं पाऊल हलायची खोटी, तीन-चार कावळे एकदम पिंडावर उतरले. "शिवला! शिवला!" म्हणत माणसं उठली आणि जेवणाकडं निघाली. सयाजीराव चपला घालता घालता सावळेरामला म्हणाले, "सोमवारी थोरल्याला पाठवून द्या." सावळेरामनं कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला.

आत्यानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. समोर कावळे भात टोचत होते.

"जेव, पोरी," ती हळूच म्हणाली. "पोटभर जेव आन जा. पुन्यांदा जल्म घ्यायचाच झाला तर कुटं बी घे, माजे बाय. पन ह्यांच्यात येऊ नगंस."