दहा बाय बाराची खोली

निलेशच्या खुर्चीत वूफर ऐटीत बसला होता आणि मी भिंतीच्या कडेकडेने जमिनीवर रांगत होतो.

"ह्या काय रे सुदेश? देवळात लोटांगण घालतस काय?" निलेश हसायला लागला.

"गप रव जरा. तू बसतलस त्या जाग्यार वूफर ठेवचो आणि आपण आवाज शोधीत फिराचा. जंय भरीव लागात, थंय वूफरची जागा. असाच करतत."

पण आवाज कुठल्याच कोपऱ्यात भरत नव्हता. स्पीकर बसवायचं काम माझं. निलेशने फोनवर खोलीचं माप दिलं होतं, दहा बाय बारा. एवढ्याशा खोलीत खालचे, घुमणारे सूर भरायला आठ इंची वूफर पुरून उरतो, म्हणून मी तोच आणला. पुढचे दोन्ही स्पीकर खणखणीत वाजत होते, पण खालचा सूर आला की सगळा जोर कुठेतरी गळून जायचा. माझी चिडचिड व्हायला लागली.

"कोण रे तो रांगता?" आतल्या खोलीतून हौसाकाकीने विचारलं. ही निलेशची आई. मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली.

"मी सुदेश, काकी."

"तरीच! निलेशाचे गुडगे असे वाजनत नाय."

मी वर पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मधली भिंत कौलांपर्यंत गेलेलीच नव्हती. वर दोन हात मोकळं सोडून ती थांबली होती. आमच्याकडची जुनी घरं अशीच असतात, वारा घरभर खेळतो. मी स्वतः अशाच घरात जन्मलो आणि वूफर निवडताना नेमकं तेच विसरलो. या बिचाऱ्या वूफरला दहा बाय बारा नाही, अख्खं घर भरायचं होतं.

"बारा इंची घे," मी निलेशला म्हटलं. "नायतर वयर प्लाय मारून खोली बंद करूक होयी."

"बंदच करूया. एसी पण बसवचो आसा. आणि आयेकव जरा झोप लागात. आमच्या आवाजान ती सारखी जागी रवता."

हे तो मनापासून बोलत होता. दिवसभर पर्यटकांना होडीतून फिरवून घरी आला की आधी आईचे पाय चेपणार, मग आंघोळ. आजारपणात तिला सोडून तो कुठे गेला नव्हता. घरबसल्या पिक्चर बघावा, एवढीच त्याची हौस.

आत किती आवाज येतो ते बघायला मी काकीकडे गेलो.

"काकी, ह्या आवाजाचो तरास होता काय गे?"

"तरास कसलो? हयसर पडान मी सगळा घर फिरतंय." ती भिंतीच्या वरच्या अंधाराकडे बघत बोलत होती. "गाडी बंद झाली, म्हणजे इलो. तांब्यो वाजलो, म्हणजे पाणी पिलो. खोकलो तरी माका कळता. ह्येचो बापूस होतो तेवा बोटीचा इंजिन आयकान मी चुलीर पाणी ठेवी. सगळ्या बोटींत आमची बोट वळखी मी. आता ह्या भिंतीवयरसून येता तेवढाच माझा."

मी उठायला लागलो. "मग प्लाय नको म्हणान सांगतंय तेका."

"खबरदार!" काकीने माझं मनगट धरलं. "माझ्यापायी तो खंय गेलो नाय, इलो नाय. घरात तरी मजा करूंदे. तू काय एक बोला नको."

आठवड्याने मी पुन्हा गेलो. वर प्लाय ठोकून झाला होता, एसी गार हवा सोडत होता, आणि तोच आठ इंची वूफर खिडकीखालच्या कोपऱ्यात असा काही घुमला की मी स्वतःवरच खूश झालो. पडद्यावर बोटींची लढाई चालली होती. निलेशचा चेहरा फुलला होता.

"आयेक आवाज लागता काय बघ रे," तो म्हणाला.

मी आत गेलो आणि दार ओढून घेतलं. पिक्चरमधलं बोलणं नाही, संगीत नाही, काही ऐकू येत नव्हतं. भिंतीतून नुसती धडधड येत होती. काकी भिंतीला तळवा लावून पडली होती.

"इंजिनासारख्या लागता," ती म्हणाली.

इतक्यात धडधड थांबली. काकीने मान उचलली.

"गेलो?"

"कोण?"

"निलेश. उठान भायर गेलो वाटता."

तो भिंतीपलीकडे होता, चार पावलांवर. "नाय काकी, आसा थंयच."

"होय काय?" तिने हात भिंतीवरच ठेवला.

मी दार उघडलं. निलेश रिमोट हातात धरून उभा होता.

"दोनदा हाक मारलंय. ओ दिल्यान नाय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "निजली काय रे? कितक्या दिसांनी अशी निजली!"

मी वळून आत पाहिलं. काकी टक्क जागी होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

"होय," मी म्हटलं. "निजली."

"मग दार हळू लाव."

मी दार हळू लावलं.