जिवंत पोवळं

"आता तरी लाल हो की रं बाबा! काय कमी केलंय तुला? मीठ परदेशातलं, दिवा निळा, पानी थंड ऱ्हावं म्हनून पंखा लावलाय. बायको कधीची मिक्सर मागते, तिला नाय दिला अजून."

हरेश्वर टाकीच्या काचेला नाक लावून कुरकुरत होता. मागे सत्यवती दिवाणावरची चादर नीट करतेय, हे त्याच्या गावीही नव्हतं. मिक्सरचं तेवढं तिनं मनात टिपून ठेवलं.

टाकीतल्या खडकावर तळहाताएवढं एक पोवळं चिकटवलेलं होतं. आणलं तेव्हा पिकल्या तोंडल्याच्या रंगाचं. आता तांदळाच्या भाकरीसारखं. आणि आज पाहुणे यायचे होते.

त्याचं झालं असं. त्यांच्या मुलीच्या, मनालीच्या पत्रिकेत मंगळ निघाला. गुरुजींनी पोवळ्याची अंगठी घालायला सांगितली. मनाली लॅबमध्ये कामाला, दिवसभर हातात मोजे. ती म्हणाली, "अंगठी-बिंगठी आपल्याला जमणार नाही." तरी हरेश्वर सोनाराकडे म्हणून निघाला, आणि सोनाराच्या शेजारच्या माशांच्या दुकानात शिरला. दुकानदार गोडबोल्या. म्हणाला, "काका, सोनाराकडे मिळतं ते मेलेलं. हे बघा, त्याच्याच कुळातलं, पण जिवंत!"

कुळ म्हटल्यावर हरेश्वर थांबला. लग्नाच्या मुलीचा बाप तो.

टाकी आली, दिवे आले, आणि बादलीभर मीठ आलं. जूचंद्र गावातल्या त्यांच्या अख्ख्या आळीत हसायला तेवढं पुरलं. ज्यांच्या वाडवडिलांनी खाडीकाठी मिठागरं राखली, त्यांच्या घरात मीठ विकत, तेही बादलीनं! "खाडीचं पानी फुकट हाय की," असं हरेश्वरनं दुकानदाराला सुचवून पाहिलं होतं. "तुमच्या खाडीच्या पाण्यात हे तासभर टिकणार नाही," असं उत्तर मिळालं. हरेश्वरला ते लागलं. पण बादली त्यानं उचलली.

मनालीनं बापाला समजावून पाहिलं. "बाबा, हे समुद्रातल्या खडकावरून फोडून आणतात. वर्षभरात जेमतेम नखभर वाढतं ते. आणि आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे त्याला."

"एक फांदी तोडली तर काय झालं? शेवग्याची फांदी तोडली तर झाड मरतं?"

"ते झाड नाही, बाबा. प्राणी आहे. एका तुकड्यात हजारो जीव असतात."

"मग तर बेस! तुझा एक मंगळ, आनि त्याच्यावर हजार जन."

यावर मनालीनं कपाळावर हात मारून घेतला. बाप तोवर जिन्यात पोचला होता. शेजारपाजार, भाऊबंद, भाजीवाली, ज्याला त्याला तो सांगत सुटला, "आमच्याकडे जिवंत पोवळं हाय." ती बातमी फिरत फिरत मनवेलपाड्यात यमुनाबाईंच्या कानी गेली. त्यांचा मुलगा जितेश लग्नाचा. निरोप आला, पोवळं बघायला येतो. मुलगीही बघू म्हणाल्या.

आणि नेमकं तेव्हापासून पोवळं फिकट पडायला लागलं.

पहिल्यांदा हरेश्वरच म्हणाला, "उजळलंय जरा." मग तो शब्द घराला चिकटलाच. वरच्या मजल्यावरच्या बाई डोकावल्या, "अगोबाई, किती उजळलं!" मुलगी दाखवायच्या घरात उजळ म्हणजे वाईट असं म्हणणार कोण? पुढे एका कडेला हिरवट शेवाळ धरलं, तेव्हा हरेश्वर म्हणाला, "पालवी फुटली."

सत्यवतीला शेवाळ कळत होतं. तिला वासही येत होता. जन्म मासळीत गेलेल्या बाईला ताजं काय नि शिळं काय हे झाकण उघडण्याआधी कळतं. रोज सकाळी ती टाकीपाशी उदबत्ती लावायची आणि तोंड मिटून ठेवायची. मंगळासाठी आणलेलं पोवळंच गेलं, हे एकदा तोंडातून निघालं की अपशकुन झाला. मग मनवेलपाड्याचे लोक कशाला थांबतील? याआधीच्या दोन स्थळांना मनालीनं चहाच्या कपासोबतच वाटेला लावलं होतं. यावेळी मात्र पोरीनं आपला ड्रेस आपण इस्त्री केला होता. फोन वाजला की तो पालथा ठेवायची, आणि खिडकीकडे बघून हसायची. सत्यवतीला एवढं पुरे होतं. हे मोडू नये, बस.

पाहुणे आले. यमुनाबाई ठसठशीत, मोठ्या आवाजाच्या. मूळच्या याच खाडीकाठच्या, नात्यागोत्यातल्या. सोफ्यावर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "कुठं हाय ओ हरेश्वरभाऊ, तुमचं ते पोवळं?"

हरेश्वरनं दिवा लावला. पाणी निळं झालं आणि त्या निळ्यात पोवळं हाडासारखं पांढरं चमकलं. एक पट्टेरी मासा त्याच्याजवळ गेला, थबकला, आणि लांबून वळसा घालून निघून गेला. मासाही पाहुण्यांची रीत पाळत होता.

यमुनाबाईंचं नाक हललं. सत्यवतीनं ते बघितलं, आणि चकल्यांचा ट्रे घेऊन ती लगबगीनं पुढे आली.

जितेश पुढे वाकला. "काका, हे तर..." त्यानं मनालीकडे पाहिलं. तिनं डोळे मोठे केले. "हे तर... छान जागा आहे. टाकीला."

"उजळ हाय हां," यमुनाबाई सावकाश म्हणाल्या.

"लय उजळ!" सत्यवती घाईनं म्हणाली. "तुम्ही चकल्या घ्या ना."

सगळ्यांनी चकल्या घेतल्या. खोलीभर नुसतं कुरुमकुरुम चाललं. त्याचा अर्थ हरेश्वरनं आपल्या परीनं लावला. पाहुणे खूश आहेत, लाजताहेत.

"यमुनाबाई, एक सांगू?" त्याला उमाळा आला. "असंच एक तुमच्या घरी पन पायजे. लग्नात आमच्याकडून. ह्याच्यापेक्षा मोठं! टाकीसकट!" आणि त्यानं फोन काढून दुकानदाराचा नंबर लावलाही.

सत्यवतीच्या डोळ्यांपुढे एकदम समुद्राचा तळ आला. तिनं तो कधी पाहिला नव्हता, मनालीच्या मोबाइलवर पाहिलेला तेवढाच. कुणीतरी वाकून एक लालभडक तुकडा फोडतंय. तो तुकडा मनवेलपाड्यातल्या कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर येणार, महिनाभरात उजळणार, आणि त्यांच्याकडची माणसंही म्हणणार, पालवी फुटली. मग त्यांचे शेजारी एक मागवणार.

तिनं ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याच्या हातातला फोन धरला.

"नको."

"का गं?"

"ठेवा म्हनते ना."

"अगं पन का? कारन सांग की!"

पलीकडून दुकानदार "हॅलो, हॅलो, काका" करत होता. सत्यवतीनं मनालीकडे बघितलं, त्या इस्त्रीच्या ड्रेसकडे बघितलं. शब्द जिभेवर आला आणि तिथंच बसला. तिचे डोळे भरून आले. फोन मात्र तिनं सोडला नाही.

यमुनाबाईंनी हातातली चकली बशीत ठेवली, पदरानं बोटं पुसली आणि उठून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"विहीनबाई, तुम्ही नका बोलू, मी बोलते," त्या म्हणाल्या. "व्याहीबुवा, तो फोन बंद करा. पोरीच्या मंगळापायी समुद्र कशाला उजाड करता? आनि हे तुमचं पोवळं उजळलं-बिजळलं नाय. मेलंय ते."