भाऊंना विचारून

मी चुकले, हे आधीच सांगून टाकते. नऊ वर्षं दिराला विचारल्याशिवाय मी द्राक्षाच्या बागेतली काडीसुद्धा हलवली नाय. आमचे मालक मनमाडला रेल्वेत. शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. दिंडोरीची एक एकर बाग माझ्या गळ्यात. पाणी कधी द्यायचं, औषध कधी मारायचं, आज करू का उद्या, यातच माझा दिवस मावळायचा. मग बांध ओलांडायचा नि थोरल्या दिरांना, गोरक्षभाऊंना विचारायचं. ते लय मायेनं सांगायचे. मला वाटायचं, पाठचा भाऊ पण एवढं करणार नाय.

एक्क्याऐंशी सालचा दसरा झाला, छाटणीचे दिवस आले. आमच्याकडं पहिली काडी घरातल्या थोरल्या पुरुषानं छाटायची, नारळ फोडायचा, मगच बाकीच्यांनी कात्री लावायची. मी भाऊंकडं गेले.

"थांब सिंधू," ते म्हणाले. "आभाळ बरं नाय. कोवळी फूट पावसात सापडली तर बाग जाईल. मी सांगतो तेव्हा कर."

थांबले. दहा दिवस गेले. आभाळ कोरडं ठाक. छाटणी उशिरा झाली की माल उशिरा येतो, सगळ्यांचा विकून झाल्यावर. हे मला कळत होतं. पण भाऊंच्या पुढं कसं जायचं?

अकराव्या दिवशी पेठकडच्या मजुरांच्या टोळीतली मैना रस्त्यात भेटली. म्हटलं, "अगं, आमच्याकडं कधी येताय?"

ती बघतच राहिली. "तुमची बाग यंदापासून भाऊंकडं ना, बाई? त्यांची ओढ्यापलीकडची बाग छाटून चार दिस झाले. तुमची मागनं करू म्हणले, ताब्यात आल्यावर. मालकांशी बोलणं झालंय म्हणे."

मी घरी कशी आले, माझं मला माहीत.

शनिवारी संध्याकाळी मालक जेवायला बसले तेव्हा विचारलं. ते ताटातच बघत बोलले, "दादाचं पत्र आलं होतं. छाटणीचे दिवस चाललेत नि सिंधू हातावर हात धरून बसलीय, असं लिहिलंय. निम्म्या वाट्यानं त्याला दिली तर तुझाच ताप जाईल. मी हो म्हणून कळवलं."

"मला विचारलंत?"

"तुला विचारून काय होणार होतं? तू त्यालाच विचारायला गेली असतीस."

खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं. पण वा रे वा भाऊ! थांब म्हणायचं तुम्ही, नि बसलीय म्हणून लिहायचं पण तुम्हीच! माझा भित्रेपणा तुम्ही नऊ वर्षं गोड बोलून पोसला नि शेवटी त्याचीच साक्ष काढली. असा संताप आला की रडायला पण सुचलं नाय.

रविवारी दिवस उगवला नि मीच नारळ फोडला. कात्री घेतली. पहिल्या वेलापाशीच अडले. काडीवर फुटीचे सहा डोळे ठेवू का आठ? विचारायला कोण होतं? ठेवले सात. कचकन काडी पडली. काही आभाळ कोसळलं नाय. पहिल्या वेलाला इतका वेळ लागला की ऊन अंगावर आलं. दहाव्या वेलापासून हात आपोआप चालू लागला. शेजारची सुलाबाई बांधावरून बघत होती, ती सुनेला घेऊन आलीच. "एकटी कुठवर मरशील?" म्हणाली.

तीन ओळी झाल्या तोवर भाऊ धावत आले. मागं मालक.

"सिंधू, हे काय मांडलंस? विचारायचं तरी!"

"विचारलं होतं भाऊ. थांब म्हणालात."

"तुझ्याच भल्यासाठी..."

"आणि पत्र? ते पण माझ्याच भल्यासाठी?"

मी दुसरी कात्री मालकांपुढं धरली. म्हटलं, "या, एक ओळ तुम्ही घ्या."

मालकांनी आधी भावाच्या तोंडाकडं बघितलं. भाऊंनी मान फिरवली. मालकांचा हात काही पुढं आला नाय.

दीर तो दीर, त्याच्यावर चिडता येतं. यांच्यावर चिडायचं त्राण पण माझ्यात राहिलं नाय. कात्री सुलाबाईच्या सुनेला दिली नि मी चौथ्या ओळीला लागले.