साडूच्या गाडीतला सातवा सांधा

सूडापायी साम्राज्यं धुळीला मिळाली आहेत, घराणी निर्वंश झाली आहेत. वॉशरला फक्त साडूची उशी भिजवायची होती.

वॉशर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं नकाशे काढत होता. अर्ध्या शहराचं पाणी आधी त्याच्या पेन्सिलीतून वाहायचं. पण अकरा वर्षांपूर्वी, सासऱ्यांकडे सगळा गोतावळा जमलेला असताना, तो गळक्या नळाचं वॉशर बदलायला बसला आणि अख्खा नळच हातात आला. सासरे, दोन चुलतसासरे आणि वाढलेली ताटं न्हाऊन निघाली. साडूने जागच्या जागी नामकरण उरकलं. तेव्हापासून घरातली पोरं त्याला वॉशरकाका म्हणू लागली. निवृत्तीच्या समारंभात खुद्द साहेबांनी ‘आपले वॉशर’ म्हटलं, तेव्हा पहिल्या रांगेत साडू टाळ्या पिटत होता. साहेबांना हे नाव कोणी सांगितलं, हे वेगळं सांगायला नको.

असा हा साडू. त्याने सामानाची एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात फिरतं घर थाटायला काढलं.

“वॉशर, पलंग झाला, ओटा झाला, कपाटं झाली. पाण्याचं तेवढं तू बघ. नळ उपटायचा अनुभव आहेच तुला!”

“बघतो की,” वॉशर म्हणाला. इतक्या गोड आवाजात, की बायकोने आतून डोकं बाहेर काढून पाहिलं.

पलंगाखाली साठ लिटरची टाकी, शेजारी बॅटरीवरचा पंप, तिथून नळी वर चढून छतालगत ओट्यापर्यंत. नळ उघडला की नळीतला दाब घटणार आणि पंप आपोआप घरघरणार. नळ बंद की पंप गप्प. नळी छतालगत का, असं सुताराने विचारलं.

“शास्त्र असतं ते,” वॉशर म्हणाला.

शास्त्र असं, की त्यामुळे सातवा सांधा बरोब्बर साडूच्या उशीवर येत होता. तो सांधा आवळणारी स्क्रूची पट्टी वॉशरने दीड फेरा ढिली ठेवली. गाडी दारात उभी असताना सगळं कोरडं ठणठणीत. रस्त्याचे गचके खाऊन सांधा हलला की मग रात्रभर थेंब. थेंब पडला की दाब घटणार, दाब घटला की पंप स्वतःहून घर्र करून उठणार. उशी ओली, झोप खलास, आणि कुठून गळतंय ते सापडणार नाही. दोन फेरे ढिली केली तर धार लागायची; एक केली तर काहीच नाही. हातात घड्याळ घेऊन, गाडी धक्क्यांनी हलवून, त्याने अकरा दिवस थेंब मोजले. असं जीव ओतून काम त्याने नोकरीत कधी केलं नव्हतं.

“अहो, आपल्या मोरीतला नळ दोन वर्षं गळतोय,” बायको म्हणाली.

“तो आपला आहे,” वॉशर म्हणाला.

काम संपल्यावर तो सवयीने नकाशा काढायला बसला. जसं काम तसा नकाशा, हा तीस वर्षांचा नेम. सातव्या सांध्यापाशी पेन्सिल थांबली. नुसताच सांधा दाखवून पुढे जावं, असं त्याने दोनदा ठरवलं; हात ऐकेना. शेवटी बारीक, सुबक अक्षरात त्याने लिहिलं: ‘सांधा क्र. ७ – दीड फेरा ढिला.’ नाहीतरी नकाशा वाचतो कोण? तीस वर्षांत कोणी वाचला नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

गाडी आठ दिवसांसाठी घाटात गेली. रोज सकाळी वॉशर स्वतःची कोरडी उशी चाचपायचा आणि गालातल्या गालात हसायचा.

नवव्या दिवशी साडू बायकोला घेऊन त्याच गाडीतून चहाला आला. टवटवीत.

“काय झोप लागली रे! वजन वाढलं माझं.”

“पंप?” वॉशरने विचारलं.

“नळ उघडला की घर्र, बंद केला की गप्प.”

“आणि उशी?”

“उशीचं काय?”

मेव्हणी मध्येच म्हणाली, “भाऊजी, बरं झालं तुम्ही लिहून ठेवलंत ते.” ही बाई औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी, वॉशरला हे ऐन वेळी आठवलं नव्हतं. “निघायच्या आधीच सगळा नकाशा वाचून काढला. सातवा सांधा ढिला दिसला, स्क्रू ड्रायव्हर घेतला, दीड फेरा आवळून टाकला.”

“बघा!” साडूने मांडीवर थाप मारली. “वॉशर तो वॉशरच! पण माणूस प्रामाणिक हं. विसरला, तर तसं लिहून ठेवतो!”

सगळे हसले. वॉशरची बायको जरा जास्तच वेळ हसली.

वॉशर उठला आणि पेन्सिल, खोडरबर घेऊन खाली गाडीपाशी गेला. कपाट उघडून त्याने ‘दीड फेरा ढिला’ खोडलं, ‘घट्ट’ लिहिलं आणि खाली तारीख टाकली.