नावापुढची कोरी जागा

मित्रांनो, मी एका दारावरची जुनी पितळी पाटी आहे. त्या दिवशी दवाखान्यातले कंपाउंडर आले, तेव्हा बेल दाबण्याआधी त्यांनी मला नीट वाचलं. मला नवल वाटलं. हा माणूस कितीदा तरी इथे चहाला आलेला. माझे मालक शिंपी; त्यांची बायको, आमच्या बाई, त्याच दवाखान्यात कामाला. ते दार उघडून आले, तेव्हा सुई बोटांतच होती. कंपाउंडरांनी मान खाली घालून सांगितलं, की बाई नेहमीसारख्या पेशंटांची नावं पुकारत होत्या आणि पुकारता पुकारता खुर्चीतच कलंडल्या. डॉक्टरांना काहीच करता आलं नाही.

मालकांनी विचारलं, "कुणाचं नाव पुकारत होती?"

अशा वेळी माणूस असं का विचारतो, ते मला कळलं नाही.

मला बरंच काही कळत नाही. अक्षरं माझ्याच तोंडावर आहेत, पण मी ती कधी पाहिलेली नाहीत. लोक वाचतात त्यावरून ठाऊक. वर मालकांचं नाव आणि आडनाव. खाली बाईंचं नुसतं नाव, आणि पुढे कोरी जागा.

ती जागा बाईंनीच ठेवायला लावली. लग्न नवं होतं. पाटी कोरणाऱ्या काकांच्या दुकानात त्या म्हणाल्या, "आडनाव तेवढं राहू द्या. त्याचा अर्थ कळल्याशिवाय मी ते लावायची नाही."

मालक हसले आणि अर्थ शोधायला लागले. त्यांचे वडील म्हणाले, आपण विहिरी खणणारे, त्यावरून पडलं. चुलते म्हणाले, छे, एक खापरपणजोबा भयंकर हट्टी होते, त्यांना लोकांनी चिडवून ठेवलेलं नाव ते. आत्याबाईंचं तिसरंच, सोडून आलेल्या गावाचं नाव म्हणे. बाई सगळ्यांचं ऐकून घेत आणि कुणाचंच मानत नसत. मालक रुसून बसले की दारातूनच विचारत, "अहो, आज हट्टी खापरपणजोबा आलेत वाटतं?" मग लिंबाची फोड घेऊन मला घासायला लागत. दोघांत हा खेळ वर्षानुवर्षं चालला.

बाई गेल्यावर नातेवाईक म्हणाले, आता तरी पूर्ण नाव लावा. कोरणारे काका घरी आले. छिन्नी टेकवता टेकवता त्यांनी सहज विचारलं, "आणि वहिनींच्या नावाचा अर्थ काय हो?"

मालकांना तो ठाऊक नव्हता. स्वतःच्या आडनावासाठी त्यांनी सगळी म्हातारी माणसं पालथी घातली होती. तिच्या नावाबद्दल मात्र कुणाला एक शब्द विचारला नव्हता. त्यांनी काकांना थांबवलं.

मग बाईंची थोरली बहीण आणि भाऊ भेटायला आले. मालकांनी त्यांना उंबऱ्यातच गाठलं. बहीण म्हणाली, "भावजी, हसाल तुम्ही. शेजारच्या शेळीचं नाव ते. मला ती फार आवडायची, मी हट्टच धरला." भाऊ म्हणाला, "काहीतरीच काय, ताई! आपल्या गेलेल्या आत्याचं नाव बाबांनी ठेवलं." दोघं भांडली, भांडताना हसली, आणि हसताना बहिणीला रडू फुटलं. मालक एकदा हिच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे.

"ती स्वतः काय सांगायची?" त्यांनी विचारलं.

कुणी तिला विचारलंच नव्हतं.

आता मालक मला घासतात. त्यांना लिंबाचा अंदाज नाही, डाग राहतात. ते बाईंचं नाव हळूच वाचतात, पुन्हा वाचतात, आणि त्यांचं बोट कोऱ्या जागेपाशी थांबतं. ते नक्की काय शोधतात, मला समजत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या माणसांना त्यांच्या नावाची गोष्ट विचारा. दारावरच्या पाटीला ती माहीत नसते.

काका मध्ये दोनदा येऊन गेले. ती जागा अजून कोरायची राहिली आहे.